रायगड कोण कोण चढलं

आमच्या खारेपाटात डोंगर नाही. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या पट्ट्यात सगळ्यात उंच जागा कुठली म्हणाल, तर खारबांध. भरतीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, पुरुष-दीड पुरुष उंचीचा. त्यावर उभं राहिलं की एका अंगाला भाताची शेतं आणि दुसऱ्या अंगाला तिवरं, चिखल नि खाडी. लांबवर सागरगडाचा डोंगर दिसायचा. त्याच्या माथ्यावर ढग बसला की म्हातारी माणसं बियाण्याची कणगी उघडायची. डोंगराचा आम्हाला एवढाच उपयोग. चढणं म्हणजे कनकेश्वर. श्रावणातल्या सोमवारी आंग्र्यांच्या काळातल्या दगडी पायऱ्या चढून जायचं, देवाला पाणी घालायचं नि खाली यायचं. पण कनकेश्वराला आमच्याकडं कोणी डोंगर चढलो असं म्हणत नाही, देवाला जाऊन आलो म्हणतात.

खरा डोंगर मी पहिल्यांदा चढलो तो रायगड, १९७९ सालच्या जानेवारीत. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून झाला होता. आम्ही चौघं होतो. नावं घालत नाही. दोघं आता राहिले नाहीत, आणि उरलेला म्हणतो माझं नाव पुस्तकात नको. मी आगरी. दुसरा कोळीवाड्यातला. तिसरा भंडारी, रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढणारा. त्याला वाटायचं, डोंगर काय, जाडा माडच की. चौथा बौद्धवाड्यातला, दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसलेला. इतिहासात आमच्या वर्गात त्याला सगळ्यात जास्त मार्क असायचे. रायगडची टूम त्यानंच काढली.

आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. शाळेच्या पाटीवर, सातबाऱ्यावर, सगळीकडं कुलाबा. १ जानेवारी १९८१ पासून अंतुल्यांच्या सरकारनं त्याचं नाव रायगड केलं. म्हणजे गडाचं नाव आमच्या पत्त्यात यायच्या दोन वर्षं आधी आम्ही गडावर जाऊन आलो. हे आम्ही पुढं बरीच वर्षं लोकांना ऐकवत होतो.

पुस्तकातला रायगड कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून महाराजांनी तो घेतला तेव्हा त्याला रायरी म्हणत. पुढं तिथं राजधानी केली, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, १६८० मध्ये महाराज तिथंच गेले. हे आम्हीही पाठ केलं होतं. पण पाठ केलेल्या इतिहासात सगळे जण गडावर आधीच पोचलेले असतात. ते वर कसे गेले, कोणाच्या पायांनी गेले, हे दहावीच्या पुस्तकात नव्हतं. ते मला त्या दोन दिवसांत सुचायला लागलं आणि नंतर मिळेल ते पुस्तक वाचून थोडं थोडं भरत गेलं.

एसटीनं वडखळ, नागोठणे, माणगाव करत संध्याकाळी महाडला उतरलो. पाचाडची गाडी सकाळी होती. स्टँडवरच झोपायचं ठरलेलं. पिशवीत भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे. कोळी म्हणाला, आधी खाऊया. चौथा म्हणाला, "आदी तलं."

चवदार तळं. आम्ही तिघांनी त्याचं नाव धड्यात वाचलं होतं. त्याच्या घरात ते रोजच्या बोलण्यातलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन या तळ्यावर आले आणि पाणी प्यायले. खरं तर मुंबईच्या कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव १९२३ लाच झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केल्याचं कागदावर १९२४ लाच लिहिलं होतं. पण कागदावरचं पाणी कोणी प्यायलं नव्हतं. मार्चनंतर गावानं तळं पुन्हा शुद्ध करून घेतलं. म्हणून त्याच साली डिसेंबरात दुसरी परिषद भरली. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीनं निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून चालत महाडात आले. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. २५ तारखेला तिथं मनुस्मृती जाळली.

आमच्या चौथ्याचा आजा त्या डिसेंबरात महाडला होता. विशीतला पोर. खारेपाटातून पायी निघाला होता, दोन रात्री वाटेत काढून. पण तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम लागला होता, आणि बाबासाहेबांनी तो मोडायचा नाही असं परिषदेकडून ठरवून घेतलं. मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली, आणि परत आली. आजानं चवदार तळं डोळ्यांनी पाहिलं, प्यायला मात्र नाही. तो खटला पुढं दहा वर्षं चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ च्या मार्चात लागला. तोवर आजाला पोरं झाली होती, शेतीचा खंड भरायचा होता, महाडला परत कोण जातोय.

परिषद संपल्यावर बाबासाहेब काही मंडळींना घेऊन रायगड बघायला गेले. आजालाही जायचं होतं. पण बांधून आणलेल्या भाकऱ्या संपल्या होत्या. तो महाडहूनच परत फिरला.

हे सगळं आम्हाला त्या संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर बसून कळलं. एका गावात अठरा वर्षं काढून, एका बाकावर बसून, आधी कधी कळलं नव्हतं. चौथा खाली उतरला, ओंजळ भरून प्यायला, तोंडावरून हात फिरवला नि वर आला. आम्हीही प्यायलो. खारेपाटातल्या माणसाला गोड पाण्याचं काय असतं ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. आमच्याकडं मार्च उजाडला की तळ्याचं पाणी मचूळ व्हायचं आणि बायका कोस-कोस हंडे वाहायच्या. "नाव चवदार हाय ते खोटा नाय," एवढंच कोळी बोलला.

सकाळी पाचाड. तिथं जिजाऊंच्या वाड्याची जोती आहेत, विहिरी आहेत, समाधी आहे. वरचा वारा नि थंडी त्यांना मानवत नव्हती म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधून दिला, असं सांगतात. राज्याभिषेकाला त्या वर होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई तो डोंगर पायी चढली नसणार. पालखीतून नेलं असणार. आणि राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ ला, त्या पाचाडला गेल्या. म्हणजे लगेच खाली आणलं होतं. पालखी वर नेणं सोपं, खाली आणणं कठीण, हे कोळ्यानं सांगितलं. त्याच्या आजोळची माणसं भोई होती. उतारावर पुढच्या भोयानं दांडा खांद्यावर उचलून धरायचा, मागच्यानं वाकून चालायचं, आणि आतल्या माणसाला कळूही द्यायचं नाही. तो हे सांगत होता तेव्हा आमची मान वर, गडाकडं होती. सरळ कातळ. मध्ये कुठं वाट आहे असं दिसतच नव्हतं.

समुद्रापासून धरली तर रायगडची उंची सुमारे २७०० फूट. पायऱ्या किती, याचा मेळ कोणाचाच लागत नाही. कोणी चौदाशे म्हणतो, कोणी सतराशे. आम्ही ठरवलं, मोजायच्या. दर शंभर पायऱ्यांना खिशात एक खडा टाकायचा. आता १९९६ पासून रोपवे झाला, हिरकणीवाडीतून बसलं की चार-पाच मिनिटांत माणूस वर. बरं झालं, म्हाताऱ्या माणसांना राजाचं दर्शन होतं. पण चार-पाच मिनिटांत गेलेल्याला एक प्रश्न पडत नाही, तो मला खुबलढा बुरुजाच्या पुढच्या चढावर पडला. भंडारी तोवर गप्प झाला होता. माडावर चढताना दम टाकायला खाचा असतात, इथं एक वळण संपलं की दुसरं उभं. मी माझ्या पाठीवरची पिशवी काढून हातात घेतली, तीन-चार शेर वजनाची असेल. आणि मनात आलं, वर मीठ कोण नेत असेल?

मिठाचं मला आधी सुचलं ते जातीमुळं. आगरी म्हणजे मिठागर करणारा. गडावर राजा, राण्या, अष्टप्रधान, पहारेकरी, हत्ती, घोडे, बाजारपेठ. एवढ्या खटल्याला रोज तांदूळ लागतो, मीठ, तेल, तूप, लाकूडफाटा, दाणा-वैरण लागते. गडावर शेती नाही. म्हणजे खालून वर, याच पायऱ्यांनी, डोक्यावरून. रोज. पावसाळ्यातसुद्धा. बखरीतलं सिंहासन बत्तीस मणांचं आहे. ते सोनंही कोणाच्या तरी डोक्यावरूनच वर गेलं असेल. पण सोनं एकदाच न्यायचं होतं. मिठाला सुटका नव्हती. मिठाची किंमत महाराजांना कळत होती हे मात्र कागदावर आहे. १६७१ साली त्यांनी कुडाळकडच्या सुभेदाराला लिहिलं की बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी आपल्या संगमेश्वराकडचं मीठ उचलत नाहीत, तेव्हा बाहेरच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते महाग पडलं पाहिजे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मिठागरावर काळ्या पडलेल्या बापाच्या टाचा आठवल्या. असं पत्र लिहिणारा राजा मला तलवारवाल्या चित्रापेक्षा जवळचा वाटतो.

राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. त्याची वाट आमच्याच अंगणातून गेली. मुंबईहून गलबतानं तो चौलला आला. रात्र झाली होती, पोर्तुगीजांनी वेशी लावून घेतल्या होत्या, बाहेरच राहावं लागलं. मग खाडीनं वर रोह्याजवळच्या अष्टमीला, तिथून जमिनीनं निजामपूर, गांगवली, आणि पाचाड. महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते म्हणून पाचाडला तिष्ठत बसला. मग गडावर गेला, राहायला घर मिळालं, आणि दरबारात त्याच्या दुभाषानं, नारायण शेणव्यानं, हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवली तेव्हा महाराजांनी त्यांना जवळ बोलावलं. ही हकीकत जॉन फ्रायर नावाच्या डॉक्टरच्या पुस्तकात आहे. तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिलो.

पहिली हत्तींची. महालाच्या दाराशी दोन्ही अंगांना लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे घोडे उभे होते, आणि असल्या वाटेनं ही जनावरं वर आणली कशी, याचं त्या साहेबाला नवल वाटलं. हाच प्रश्न आमच्या कोळ्याला महादरवाजाच्या अलीकडं पडला होता. "मना सांग, यो हत्ती वर कसा आनला?" गडावरचे लोक सांगतात, पिल्लं असताना आणले. असेल. पण पिल्लू वर आणलं तरी मोठ्या हत्तीची वैरण रोज वर आणावीच लागते.

दुसरी गोष्ट खाटकाची. साहेब लोकांना रोज मांस लागायचं. ते पुरवायला पाचाडचा एक म्हातारा खाटीक होता. एरवी त्याचं गिऱ्हाईक म्हणजे तिथले थोडेफार मुसलमान. इंग्रजांनी महिन्याभरात एवढं मांस खाल्लं की तेवढं त्यानं आधी कित्येक वर्षांत विकलं नव्हतं. तर हा म्हातारा, वय झालेलं असताना, एवढा डोंगर चढून वर गेला. कशाला? आपलं एवढं मटण खाणारी माणसं दिसतात तरी कशी, ते बघायला! सगळ्या राज्याभिषेकात स्वतःच्या हौसेनं गड चढलेला मला ठाऊक असलेला माणूस हा एकच. त्याचं नाव साहेबानं लिहून ठेवलं नाही.

राज्याभिषेकाचा दिवस ६ जून आपण पाळतो. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. इंग्रजांचं तेव्हाचं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागं होतं, म्हणजे आजच्या हिशेबानं तो १६ जून पडतो. शेतकऱ्यानं याचा अर्थ वेगळा लावावा. जूनच्या मध्याला कोकणात मृग लागलेला असतो. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या, वाटेवर धुकं. आणि खाली गावोगाव पेरणीची घाई. त्या दिवसांत गडावर सामान चढवणारे हात म्हणजे पेरणीवरून उठवलेले हात. त्यांना काय मिळालं, किती मिळालं, ते मी सांगू शकत नाही. एवढं खरं की इतक्या मोठ्या सोहळ्याला तांदळाचा दाणा कमी पडला असं कुठल्या बखरीत नाही.

महादरवाजा आला. दोन प्रचंड बुरुज एकमेकांकडं तोंड करून उभे, आणि दरवाजा मधल्या खोबणीत लपलेला. अगदी समोर जाईपर्यंत दिसत नाही. तिथून वर हत्ती तलाव, कोरडा. मग गंगासागर, भरलेला. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघावं, असं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय. खारेपाटातल्या माणसाला ते सांगायला नको.

गडावर धनगरांची काही घरं होती. एका झोपडीपुढं एक म्हातारी बसली होती, आल्या-गेल्याला पाणी द्यायची, ताक द्यायची. घशाला कोरड पडलेली. "कुठलं रं तुमी?" तिनं विचारलं. अलिबागचे, म्हटलं. तिनं तांब्या दिला. आम्ही चौघंही वरून, तोंड न लावता प्यायलो. आमच्याकडं सगळे तसेच पितात. एक तांब्या चौघांत फिरला. वरून पिण्याची ही सवय मोठी सोयीची असते. कोणाचं तोंड कशाला लागलं हे कळतच नाही, आणि कोणी विचारतही नाही.

चौथ्यानं तांब्या परत देताना आपलं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. ते आडनाव ऐकलं की वाडा कळतो. त्याला कोणी विचारलं नव्हतं. आम्ही तिघं उगाच गंगासागराकडं बघत राहिलो. तेव्हा मला राग आल्यासारखं झालं होतं, पाणी पिऊन झालंय तर आता कशाला, असं. आज त्याचं कारण कळतं. त्याचा आजा डिसेंबरात महाडला गेला होता तो पाणी प्यायला नव्हे, नाव सांगून पाणी प्यायला.

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं, तांब्या घेतला. आत गेली. आम्हाला वाटलं, झालं. ती मडकं घेऊन बाहेर आली.

"ताक घेशील का रं? आंबट हाय जरा."

तो दोन तांबे प्यायला. मग आम्ही.

हिरकणीची गोष्ट तिनंच सांगितली. दूध घालायला वर आलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद, घरी तान्हं पोर, आणि कड्यावरून उतरून गेलेली आई. ही लोकांनी सांगत आणलेली गोष्ट आहे. कोणी म्हणतात, खरी कशावरून? मी म्हणतो, हिरकणी असो नसो, दूध तर होतंच ना! रोज सकाळी खालून कोणीतरी चरव्या डोक्यावर घेऊन वर येत असणार आणि दरवाजे लागायच्या आत खाली पोचायची धांदल करत असणार. अशा शंभर बायांपैकी एकीची गोष्ट झाली, आणि त्यात काय खोटं आहे? ज्यांनी डोक्यावरून गड पोसला, त्यांच्यातल्या एकीच्या नावानं एक बुरुज आहे. बाकीच्यांना तेवढाही नाही. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव कोरलेलं आहे, सेवेला तत्पर म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडतो. आम्ही तिथं चपला काढल्या आणि बाजूनं गेलो.

समाधीपुढं चौथा बराच वेळ उभा राहिला. आम्ही सावलीत बसलो.

ही समाधी मधली बरीच वर्षं रानात पडून होती. १६८९ मध्ये गड मोगलांकडं गेला, येसूबाई लहानग्या शाहूंना घेऊन खाली उतरल्या त्या कैदेतच. १८१८ च्या मेमध्ये कर्नल प्रॉथरनं समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे जळाले, आणि १० मे ला गड पडला. तेव्हा वर दुसऱ्या बाजीरावाची बायको वाराणसीबाई होती, तीही उतरली. पुढं ६०-६५ वर्षं तिकडं फारसं कोणी फिरकलं नाही. १८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजानं पुस्तकात लिहिलं की एवढ्या मोठ्या राजाच्या समाधीची काळजी घ्यायला कोणी नाही, तेव्हा आपल्या लोकांना टोचलं. त्याच्या आधी जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा रचला होता, पण पोवाड्यापेक्षा साहेबाचं पुस्तक लोकांना लवकर ऐकू येतं. टिळकांनी १८९५ मध्ये फंड काढला, १८९६ च्या एप्रिलात गडावर उत्सव केला. जीर्णोद्धार पुरा व्हायला १९२६ उजाडलं.

आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत, १९२७ सरताना, बाबासाहेब तिथं उभे होते. महाडात पाणी न पिता परत फिरलेला माणूस, वय ३६, आणि त्याच्याबरोबरची माणसं. ही पायवाट त्यांनी जानेवारीतल्या आमच्यासारखीच थंडीत चढली असणार. रायगडावरच्या पुस्तकांत टिळकांचं येणं असतं, आणि ते असायलाच पाहिजे. बाबासाहेबांचं येणं मला त्यांच्या चरित्रांत सापडलं. एकाच गडाची ही दोन येणी दोन वेगळ्या फडताळांत का ठेवतात, ते ठेवणाऱ्यांनी सांगावं. आमच्या चौथ्याला हे तेव्हाच ठाऊक होतं. तो समाधीपुढं उभा राहून काय म्हणाला ते आम्ही विचारलं नाही. परत आला तेव्हा म्हणाला, "आजा इथवर येवाचा होता."

उतरायच्या आधी त्यानं पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढली, गंगासागरात बुडवून भरली, बूच लावलं. संध्याकाळी महाडला एसटीला वेळ होता, तेव्हा दुसरी बाटली चवदार तळ्यावर भरली. तशीच बाटली, तसंच बूच. दोन्ही एकाच फडक्यात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही बौद्धवाड्यात गेलो. आजा खाटेवर बसला होता, सत्तरी उलटलेला, दिसायचं कमी झालेलं. फडकं सोडलं तर कुठली बाटली कुठली ते कळेना. चौथा उजेडाला धरून बघतोय, वास घेतोय. कोळी म्हणाला, जरा गढूळ हाय ती तळ्याची. भंडारी म्हणाला, छे, ती गडावरची. आजानं हात पुढं केला, आधी एक बाटली प्यायला, मग दुसरी. तोंड पुसलं.

"दोनी गोरी हाईत," म्हणाला. मग विचारलं, "पायऱ्या कवऱ्या रं?"

कोळ्यानं खिशातून खडे काढून खाटेवर मांडले, पंधरा भरले. भंडाऱ्याचे सोळा होते, माझे चौदा. आजा म्हणाला, मंग बरूबर कोनाचं? आणि आमचं भांडण जे सुरू झालं ते चहा येईपर्यंत थांबलं नाही.